मालवणच्या पाण्याखालचे प्रवाळ

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी केलेले भाषण)



मला दिलेला विषय ‘शैक्षणिक सहलीचे महत्त्व’ असा आहे. पत्रिकेवर तसे छापलेही आहे. परंतु ‘महत्त्व’ या शब्दाने संपणाऱ्या विषयांवर मी नोकरीच्या पस्तीस वर्षांत इतकी भाषणे ऐकली, आणि खरे सांगायचे तर दिलीही, की आता तो शब्द उच्चारताच समोरची मुले खिडकीबाहेर पाहू लागतात, हे मला पाठ झाले आहे. म्हणून मी एका सहलीची हकिगत सांगणार आहे. 2023 च्या डिसेंबरात आपली नववी-दहावीची मुले मालवणला गेली होती. मी निवृत्त झालो असलो तरी मुख्याध्यापकांनी आग्रहाने मला बरोबर नेले. त्या सहलीत मी एक गोष्ट प्रथमच पाहिली आणि एक चूकही केली. ती चूक इथे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी 1985 साली शिकवायला लागलो. दरवर्षी प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आला की फळ्यावर एक प्रश्न लिहीत असे : प्रवाळ हा दगड, वनस्पती की प्राणी? अर्धा वर्ग ‘वनस्पती’ म्हणे, काही जण ‘दगड’ म्हणत, आणि मग मी मोठ्या ऐटीत सांगे की तो प्राणी आहे, हायड्रा आणि जेलीफिशच्या संघातला. मुले लिहून घेत. परीक्षेत प्रश्न येई, गुण मिळत. मात्र तो प्राणी मी स्वतः कधी पाहिलेला नव्हता. मी पाहिले होते ते सराफाच्या पेटीतले लाल पोवळे, ज्याला आपल्या घरांतून मरजान म्हणतात आणि जे अंगठीत घालतात. तेही प्रवाळच, पण जात निराळी. दागिन्यांतले नामांकित लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि ते बेटे किंवा भिंती बांधणाऱ्या प्रवाळांपैकी नव्हे. एवढा फरकही मी कितीतरी वर्षे वर्गात सांगितला नव्हता, कारण मला तो ठाऊकच नव्हता.

आपल्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध तो काय? वर्षाला सरासरी साधारण 580 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मी पाथर्डी तालुक्यातला. खेड्यातली मुले ज्या वयात पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारतात, त्या वयात मी होतो तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला. आमच्या विहिरीने तळ दाखवला. माझे पोहायला शिकायचे वय असे कोरड्यात गेले, ते कायमचेच. आमच्या शहराने — 2024 पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडी जुनी सवय म्हणून नगरच येते — पाण्याची हौस केली ती फराहबागेसारखी, मधोमध महाल आणि भोवती तलाव. मुले शेजारी राहूनही तिथे जात नाहीत ही गोष्ट वेगळी. पण एक लक्षात घ्या. याच शहरातून राज्य करणाऱ्या निजामशाहीला समुद्र होता. कोकणातले चौल हे तिचे बंदर. तिथून घोडे येत, कापड जाई. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगिजांच्या ताब्यातील चौलला कित्येक महिने वेढा घातला होता. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी नगरच्या दरबारात भरती-ओहोटीच्या गोष्टी होत असणारच. आपणच पुढे समुद्राला पाठमोरे झालो.

आता सहलीकडे येतो. मालवण ठरले तेव्हा पालकसभेत मोठा गदारोळ झाला, आणि तो वाजवी होता. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले, डझनाहून अधिक. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. ही मुले काही वेडी नव्हती. पाणी गुडघाभर दिसते, मुलगा पुढे जातो, परतीचा ओढा पाय उचलून नेतो, आणि ज्याला पोहता येत नाही तो दुसऱ्या न येणाऱ्याला मिठी मारतो. पालक ही नावे आणि साल धरून बोलत होते. नववीतल्या एका मुलीचे वडील, पेशाने गवंडी, उठून म्हणाले, “सर, माझा धाकटा भाऊ शेततळ्यात गेला. खाली प्लास्टिक अंथरलेले, वर यायला पाय कुठे ठेवणार? आमच्या घरात पाण्याचे नाव काढत नाहीत. पोरीला किल्ला दाखवा, दर्यात उतरवू नका.”

त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. दिले ते दुसऱ्या दिवशी, त्यांच्या कामावर जाऊन. मी म्हणालो, तुमचा भाऊ समुद्रात गेला नाही, घराशेजारच्या तळ्यात गेला. पाणी आपल्या जिल्ह्यात कमी आहे, पण शेततळी, बारव, कालवे, मुळा-प्रवरेचे डोह पोरीच्या वाटेवर रोजच आहेत. त्यांनी घमेले खाली ठेवून ऐकून घेतले आणि अटी घातल्या : कमरेहून खोल पाण्यात जाकीट घातल्याशिवाय नाही, किनाऱ्यावर मोकळे पोहणे अजिबात नाही, बरोबर बाई हव्यात, आणि मुलीचे कपडे अंगभर हवेत. आम्ही या चारही अटी तिच्यापुरत्या न ठेवता साऱ्या सहलीला लागू केल्या. पहिल्या दोन अटी आमच्या डोक्यात आधीच असायला हव्या होत्या.

रात्री नगरहून निघालो, पुणे, कोल्हापूर करीत पहाटे फोंडाघाट उतरलो. घाटाखाली हवा बदलली तशी झोपलेली मुले आपोआप जागी झाली. कणकवली, कसाल आणि मग मालवण. दुपारी होडीने सिंधुदुर्गात गेलो. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधला. काम 1664 च्या नोव्हेंबरात सुरू झाले, 1667 मध्ये पुरे झाले. तटाच्या भिंती पार समुद्रात उतरल्या आहेत. महाराजांच्या आरमारात दौलतखान हा नावाजलेला सरदार होता, हे मी मुलांना सांगितले. पण मुलांचे लक्ष होते विहिरींकडे. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे. दुष्काळी भागातल्या मुलांनी तटाच्या लांबीपेक्षा ह्या तीन विहिरींची चौकशी अधिक केली, आणि मला त्याचे नवल वाटले नाही.

प्रवाळ पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जागा त्याच किल्ल्याच्या आसपास, तटापासून थोड्या अंतरावर, जिथे पाणी दोन-चार पुरुष खोल असते. होडीवाल्यांनी आम्हाला सहा-सहाच्या तुकड्यांत विभागले. साधन अगदी साधे आहे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी, तिलाच स्नॉर्केल म्हणतात, आणि अंगात जाकीट. नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर राहते. आपण पालथे तरंगायचे, चेहरा पाण्यात, श्वास तोंडाने. बस, एवढेच. पोहता आले पाहिजे असे नाही, वाटाड्या रबरी कडे धरून आपल्याला ओढत नेतो. मास्कच्या काचेवर धुके धरू नये म्हणून आत थुंकी चोळून धुवायची असते. हे ऐकून आमच्या मुलींनी जी तोंडे केली ती पाहण्यासारखी होती.

कठीण असतो तो पहिला श्वास. नाक बंद आहे, चेहरा पाण्यात आहे, आणि माणसाचा सारा जन्मभराचा अनुभव सांगतो की आता श्वास घेऊ नकोस. मी तीनदा डोके वर काढले. चौथ्या वेळी त्या गवंड्याच्या मुलीने, जी माझ्या तुकडीत होती, माझ्याकडे पाहून हाताने खूण केली : हळू, हळू. वर्गात मी तिला सांगायचे ते ती मला पाण्यात सांगत होती. मग श्वास जमला. जमल्यावर पहिल्यांदा कळते तो आवाज. पाण्याखाली शांतता असेल असे आपल्याला वाटते, पण तिथे तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक तडतडाट चालू असतो. तो चिमटे आपटणाऱ्या लहान कोळंब्यांचा.

आणि मग दिसते ते. मुलांनो, चित्रांत पाहता तशी लाल-निळ्या फांद्यांची बाग मालवणला नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर जाल आणि निराश व्हाल. इथले प्रवाळ बहुतेक गोळ्यांसारखे, खडकाला चिकटून पसरलेले, पिवळट, तपकिरी, हिरवट. काहींच्या पृष्ठभागावर मेंदूसारख्या वळ्या, काही ठिकाणी वाडग्यासारखी किंवा कोबीच्या पानासारखी पसरलेली जात, तिला शास्त्रात टर्बिनेरिया म्हणतात. पावसाळ्यात कोकणातल्या नद्या आणि खाड्या गाळ आणि गोडे पाणी समुद्रात ओततात. प्रवाळाला दोन्ही सोसत नाही. त्याला स्वच्छ, खारट, उबदार आणि उजेड पोचेल असे पाणी हवे. म्हणून मालवणला तग धरून राहिल्या त्या चिवट जाती. नाजूक फांद्यांच्या जाती पाहायच्या तर किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला, पाण्याखाली बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथे वीसेक मीटर खोलीवर प्रवाळांचे मोठे वन आहे. ते तुमच्या-माझ्या नळीच्या आटोक्यातले नव्हे.

मी तरंगत एका गोळ्यावर आलो आणि थांबलो. जवळून पाहिले तर त्याच्यावर मोहरीएवढी, कुठे ज्वारीच्या दाण्याएवढी घरटी, शेकडो. प्रत्येक घरट्यात एक प्राणी. पिशवीसारखे शरीर, वर तोंड, तोंडाभोवती बारीक सोंडा. तो समुद्रातून चुना घेतो आणि आपल्याभोवती वाटी बांधतो. एक मरतो, त्याच्या वाटीवर दुसरा बांधतो. गवंडीकामच ते. पण खरी गंमत पुढे आहे. या प्राण्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला घर आणि खत पुरवतो. प्रवाळाला जो रंग दिसतो तो बहुतांशी ह्या भाडेकरूचा. म्हणजे मी पस्तीस वर्षे मुलांच्या ‘वनस्पती’ या उत्तरावर लाल फुली मारीत आलो, त्या उत्तरात काहीतरी होते. पूर्ण नाही, पण काहीतरी. ज्यांचे गुण कापले त्यांची मी इथे माफी मागतो. त्यांतले दोघे-तिघे आज पालक म्हणून समोर बसलेले दिसत आहेत.

आता माझी चूक. मी भान विसरून पाहत होतो. मास्कमध्ये थोडे पाणी शिरले, नाकात गेले, मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केले : उभा राहायला पाय खाली सोडले. टाचेला काहीतरी टणक लागले, त्यावर भार देऊन मी डोके वर काढले. वाटाड्या, वीस-बावीस वर्षांचा मालवणी मुलगा, ओरडलाच, “गुरुजी, पाय खाली सोडू नकात, ता जिता असा!” मी खाली पाहिले. पितळी परातीएवढा एक गोळा होता आणि त्यावर माझ्या टाचेच्या आकाराचा पांढुरका डाग उमटला होता. प्रवाळाचे जिवंत अंग म्हणजे चुन्याच्या वर कागदासारखा पातळ पापुद्रा. तो पायाखाली चिरडतो. जखमेत शेवाळ, स्पंज, रोग शिरतात. कधी भरून येते, कधी नाही. असे गोळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, पुष्कळदा त्याहून कमी वाढतात. मी पाण्यातच मनाशी हिशेब केला. माझ्या टाचेखाली निदान वीस-पंचवीस वर्षांचे बांधकाम होते. जो माणूस आयुष्यभर ‘प्रवाळ हा प्राणी आहे’ असे शिकवीत आला, तो त्याच्यावर दगड समजून उभा राहिला. त्या मुलाने कधी माझा वर्ग पाहिला नव्हता, पण उत्तर त्याला ठाऊक होते.

याला पुरवणीही आहे. परतताना किनाऱ्यावर आमच्या एका मुलाने प्रवाळाचा पांढरा तुकडा खिशात घातला. संध्याकाळी मुक्कामी तो सापडला. मी त्याला रागावलो, भरपूर रागावलो. सांगितले की 2001 पासून आपल्या देशात हे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला बसलेले, आणि मेलेला तुकडा नेणेही गुन्हा आहे. तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “सर, मी मेलेला उचलला. तुम्ही तर जिवंतावर उभे राहिलात.” बाकीची मुले श्वास रोखून बसली. मी काय बोलणार? आम्ही दोघे अंधारात किनाऱ्यावर गेलो आणि तो तुकडा पाण्यात सोडून आलो.

त्या मुलाने वाटेत विचारले की इथे पहारा का नाही. तेव्हा मी त्याला आपल्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरी आठवायला सांगितले. काळविटांसाठी 1980 साली केलेले ते अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरचेही नाही. तिथे हद्द दिसते, गार्ड दिसतो, काळवीट दिसते. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. एकूण 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे सव्वातीन चौरस किलोमीटरचा, किल्ला आणि शेजारचे पद्मगड त्यात येतात. पण समुद्राला कुंपण कसे घालणार? आणि कुंपण घालायचे कुणासाठी? तिथल्या मच्छीमारांनी या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले तिथे जाळे टाकता येणार नाही अशी भीती. आपण पर्यटकांनी त्यांना नावे ठेवू नयेत. पुढे त्यांच्यातलीच मुले नळी आणि मास्क घेऊन पाहुण्यांना प्रवाळ दाखवू लागली, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुडी शिकवणारी संस्था झाली, आणि जिवंत प्रवाळातून घर चालते हे पटू लागले. अर्थात त्यातही खोट आहे. होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात. छायाचित्रात मासे गर्दीने यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव आणि बिस्किटे टाकतात. पाव खाणारे ते पट्टेरी मासे पाहून आमच्या मुली हरखल्या होत्या, मीही. नंतर कळले की ही सवय माशांना आणि तिथल्या व्यवस्थेला बरी नव्हे.

इथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, विशेषतः या सभागृहात. मालवणच्या प्रवाळांची शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत डॉ. सय्यद जहूर कासिम हे एक. अलाहाबादला 1926 साली जन्मलेले, अलीगढला शिकलेले आणि तिथेच शिकवलेले, 1974 पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक. 1979 साली त्यांनी आणि डॉ. वफर यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले, त्यांत मालवणही होते. पुढे दोनच वर्षांनी, 1981 च्या डिसेंबरात, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, तिचे नेते हेच कासिम. नंतर ते दिल्लीच्या जामिया मिलियाचे कुलगुरूही झाले. 2015 साली ते वारले. अंटार्क्टिकाचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. परंतु बर्फाच्या खंडावर जाणारा माणूस त्याआधी आपल्या कोकणातल्या ओहोटीच्या खडकांतले प्रवाळ मोजीत होता, हे मला सहलीनंतर वाचताना कळले आणि फार आवडले. मुलांनो, अलाहाबादलाही समुद्र नाही.

आता थोडे काळजीचे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी वर गेले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आणि त्याच्या अंगातले शैवाल यांची सोयरीक तुटते. भाडेकरू बाहेर पडतो, रंग जातो, खाली पांढरा चुना दिसतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. लगेच मरतो असे नाही, पण उपाशी राहतो. पाणी वेळीच थंड झाले तर तो सावरतो, नाहीतर संपतो. साऱ्या जगभर एकाच सुमारास असे होण्याची पहिली वेळ 1998 ची, मग 2010, मग 2014 ते 2017, आणि चौथी 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केली. मालवणलाही गेल्या दशकात गोव्याच्या शास्त्रज्ञांना असे पांढरे पडलेले प्रवाळ आढळले. 2023 च्या अखेरीपासून अरबी समुद्रात उष्णतेची जी लाट आली तिच्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. आम्ही मालवणला तरंगत होतो तो काळ नेमका तोच.

लक्षद्वीपचे नाव घेतले म्हणून सांगतो. मालवणचे कुरटे बेट खडकाचे आहे. प्रवाळ तिथे पाहुणा. उद्या सारे प्रवाळ मेले तरी सिंधुदुर्ग उभा राहील. लक्षद्वीपमध्ये बेटच प्रवाळाने बांधलेले आहे. जमीन, विहीर, मशीद, शाळा, सारे त्याच चुन्यावर. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 64 हजार माणसे होती, त्यांत शेकडा 96 हून अधिक मुसलमान, आणि साक्षरता शेकडा 92 च्या घरात. साक्षरतेत ती बेटे आपल्या जिल्ह्याच्या पुढे आहेत. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत लाटा अडवते म्हणून आतले खाजण शांत राहते आणि किनारा टिकतो. ती भिंत मरून झिजू लागली की लाट थेट उंबऱ्याशी. तिथल्या शिक्षकाला ‘प्रवाळ प्राणी की दगड’ हा प्रश्न फळ्यावर लिहिण्याची गरज पडत नसेल.

माझा वेळ संपत आला, घंटेजवळ उभा असलेला शिपाई माझ्याकडे पाहतो आहे. त्या मुलीबद्दल सांगून थांबतो. ती परत आली तेव्हा तिचे वडील बसस्थानकावर उभे होते. तिने घरी काय सांगितले मला माहीत नाही. आठवड्याने ते माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, पोरीला पोहायला शिकवणारी कुणी बाई मिळते का?” मी शोध घेतला. सोपे नाही. मुलींसाठी निराळी वेळ हवी, शिकवणारी बाई हवी, येण्या-जाण्याची सोय हवी, आणि फी परवडायला हवी. चार ठिकाणी विचारले, तीन ठिकाणी नकार आला. चौथ्या ठिकाणी सुटीत सकाळचा एक तास मिळाला. गेल्या उन्हाळ्यात पाच मुली शिकल्या, त्यांत ती एक. संध्याकाळच्या तासाला मीही जातो. माझे वय पाहून शिकवणाऱ्याने मला अजून खोल बाजूला सोडलेले नाही. कडेचा दांडा धरून पाय मारतो आहे.

पुढच्या डिसेंबरात सहल पुन्हा मालवणला न्यायची आहे. ओहोटीच्या वेळा पाहून तारीख ठरेल. नावनोंदणीच्या कागदावर यंदा एक रकाना वाढवला आहे : पोहता येते का. मागच्या खेपेला हा रकाना नव्हता. बसमध्ये मी तोंडी विचारले तेव्हा 31 मुलांत चार हात वर आले होते, आणि शिक्षकांत एकही नाही. पालकांनी तो रकाना खरा भरावा, ‘होय’ लिहिले म्हणून पोराचे कौतुक होईल अशा हिशेबाने भरू नये. मी एक मास्क आणि नळी बरोबर आणली आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावे. बादलीत पाणी भरून ठेवायला शिपाईमामांना सांगितले आहे, चेहरा बुडवून श्वास घेऊन पाहता येईल. मुली आधी, मग मुले, मग शिक्षक.